खारात रुजायचं की थांबायचं: भाताच्या दाण्यातली ओढाताण

जून जवळ आला की कृषी खात्याच्या सल्ल्यांत एक गोष्ट ठरलेली असते. भाताचं बियाणं पेरण्याआधी तीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडवा. दहा लिटर पाणी, तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं भरीव बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं साधारण साडेतीन टक्के. म्हणजे जवळजवळ दर्याच्याच पाण्यात आपण बी घालतो, आणि त्याला काही होत नाही. तेच बी त्याच पाण्यात चार दिवस ठेवलं, तर मोड काही येणार नाही. आणि त्याच्या पंधराव्या हिश्श्याइतकं मीठ शेताच्या ओलाव्यात हंगामभर राहिलं, तरी भाताचा उतारा घसरायला लागतो.

मीठ तेच, बीही तेच, फरक आहे तो वेळेचा. मीठ बियाला कधी भेटतं यावर सगळं अवलंबून आहे. खारं पाणी सोसणाऱ्या पिकांविषयी वाचताना ‘अमुक जनुक सापडलं, आता समुद्राच्या पाण्यावर शेती’ अशा बातम्या अधूनमधून दिसतात. त्या वाचून खारटपणा सोसणं म्हणजे एखादं बटण आहे असं वाटायला लागतं. तसं बटण नाही. रोपाच्या आयुष्यातल्या वेगवेगळ्या वेळी हा प्रश्न वेगळा असतो, आणि त्या त्या वेळी उत्तर देणारी रसायनंही थोडी वेगळी वागतात.

या रसायनांना वनस्पती संप्रेरकं म्हणतात. प्राण्यांच्या हार्मोनांसारखी त्यांना स्वतंत्र ग्रंथी नसते. मुळं, पानं, कोंब, बी, कुठेही ती तयार होतात, आणि अगदी अत्यल्प प्रमाणात काम करतात. मराठी माणसाला त्यांतली दोन तरी नावानं ओळखीची असतात. वाशीच्या फळबाजारात केळी पिकवायला वापरतात तो इथिलीन वायू हे एक. नाशिककडे द्राक्षाचे घड ज्या ‘जीए’मध्ये बुडवतात, म्हणजे जिबरेलिक आम्ल, ते दुसरं. या लेखापुरता इथिलीन बाजूला ठेवू. जीए मात्र शेवटपर्यंत लागणार आहे, आणि त्याचा प्रतिस्पर्धी एबीए, म्हणजे अ‍ॅबसिसिक आम्ल, त्याहून जास्त.

खाडीकाठची शेती

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, सानपाडा, नेरूळ, बेलापूर इथल्या इमारतींखाली काय होतं हे आज सांगावं लागतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्यांत मिठागरं होती, खाजणं होती आणि आगरी-कोळ्यांची भातखाचरंही होती. खाचरांचा एक भाग खाडीच्या भरतीच्या पातळीलाच होता. तिथे भात पिकायचा तो बांधामुळे. खाडीच्या बाजूला मातीचा मोठा बांध, आणि त्यात जागोजागी उघाडी. उघाडीची झडप अशी बसवलेली असते की भरतीचं पाणी बाहेरून दाब देतं तेव्हा ती मिटते, आणि ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याचा जोर जास्त झाला की आपोआप उघडते. गोडं पाणी मीठ धुऊन घेऊन बाहेर जातं, खारं आत येत नाही. बांधाला खांड पडली, की एका उधाणात शेत खारं. मग पुढचे एक-दोन पावसाळे ते धुवायला जातात. डागडुजी थांबली तर काही वर्षांत तिथे तिवरांचं, म्हणजे खारफुटीच्या झाडांचं, रान उभं राहतं. खाडीकाठी अशी पूर्वीची शेतं आज कांदळवनात जमा झालेली दिसतात.

ठाणे-नवी मुंबईत ही शेती आता काठावरच उरली आहे. उरण-पनवेलकडे अजून ती दिसते. पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, आणि पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ या खारपड जमिनीसाठीच्या भाताच्या जाती तिथल्याच. त्याआधी शेतकऱ्यांकडे होता तो राता. काळा राता, भुरा राता. तांबड्या तांदळाचा, उंच वाढणारा, उतारा बेताचा, पण खारात टिकणारा. या जुन्या वाणांतून निवड करून काढलेले काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे संशोधकांना अजूनही खारटपणा सोसण्याचा गुण घेण्यासाठी लागतात.

दाणा पाणी पितो तेव्हा

कोरडा भात म्हणजे साधारण बारा ते चौदा टक्के ओलावा असलेला दाणा. त्यात जीव आहे, पण सगळं थांबलेलं. तो पाण्यात पडला की पहिल्या टप्प्यात पाणी अक्षरशः ओढून घेतो. या ओढीत जिवंतपणाचा काही संबंध नाही. मेलेलं बीसुद्धा भिजून फुगतं. कोरड्या दाण्याची पाणी ओढण्याची ताकद शेकडो बार असते (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका). समुद्राचं पाणी त्याविरुद्ध जो प्रतिकार करतं तो जेमतेम पंचवीस बार. म्हणून खाऱ्या पाण्यातही पहिला घोट बी पितंच, थोडं सावकाश. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवलेलं बी वाचतं, कारण तेवढ्या वेळात पाणी टरफलाच्या फार आत पोचत नाही, आणि लगेच आपण ते धुतो.

खरा खेळ दुसऱ्या टप्प्यात. बाहेरून पाहाल तर काहीच होत नाही. वजन वाढत नाही, मोड दिसत नाही. पातेल्यात भिजवलेल्या मटकीकडे दुपारी पाहिलं आणि संध्याकाळी पाहिलं तर सारखीच दिसते, तो हा काळ. आत मात्र पेशी जाग्या होतात, साठवणीत बिघडलेलं दुरुस्त करतात, श्वसन सुरू होतं. आणि याच काळात बी ठरवतं, की आता रुजायचं की अजून थांबायचं. तिसरा टप्पा मोडाचा. त्यानंतर परतीची वाट नाही. मोड फुटलेलं बी पुन्हा वाळवून पुढच्या वर्षी पेरता येत नाही, कारण कोरडं होऊनही जिवंत राहण्याची क्षमता मोड फुटल्यावर निघून जाते. एकदाच करता येणारा निर्णय असल्यामुळे त्यावर एवढा कडक पहारा आहे.

रुजा म्हणणारं संप्रेरक ते जीए. त्याचा शोध एका भाताच्या रोगातून लागला. काही रोपं एकाएकी बाकीच्यांच्या डोक्यावरून उंच जात, फिकट आणि काडीसारखी बारीक होत, आणि लोंबी धरण्याआधीच कोलमडत. जपानी शेतकऱ्यांनी त्यांना वेडी रोपं ठरवलं होतं. १९२६ मध्ये तैवानात काम करणाऱ्या एइइची कुरोसावा यांनी दाखवलं, की रोग एका बुरशीचा आहे आणि बुरशी वाढवलेला, पण गाळून निर्जंतुक केलेला द्रव नुसता शिंपडला तरी रोपं तशीच वेडी होतात. म्हणजे हे बुरशी सोडत असलेल्या कुठल्यातरी द्रव्याचं काम होतं. पुढच्या दशकात तेइजिरो याबुता यांनी ते द्रव्य वेगळं काढून त्याला जिबरेलिन नाव दिलं. नंतर कळलं की निरोगी झाडंही हेच द्रव्य स्वतः बनवतात, फक्त मोजूनमापून.

दाण्यात ते काय करतं? तांदळाचा पांढराशुभ्र दाणा घ्या आणि त्याचं एक टोक नीट पाहा. तिथे छोटा खळगा असतो. तिथे अंकुर होता, जो गिरणीत उडाला. दाण्याभोवतीचा पातळ जिवंत थरही कोंड्याबरोबर गेला. उरलं ते नुसतं पिठाचं गोदाम, म्हणून पॉलिश केलेला तांदूळ कितीही भिजवा, रुजत नाही. अख्ख्या भातात अंकुर ओला झाला की जीए तयार करतो. जीए भोवतीच्या त्या थराकडे जातं, थर अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतो, आणि विकर पिठाची साखर करतं. ती साखर अंकुराची पहिली शिदोरी. १९६० च्या सुमारास जपानमध्ये योमो आणि ऑस्ट्रेलियात पॅलेग यांनी, एकमेकांना न विचारता, बार्लीवर हे सिद्ध केलं. अंकुराचा भाग कापून टाकलेला अर्धा दाणा घ्यायचा. तो एरवी तसाच पडून राहतो. त्याला वरून जीए दिलं की आतलं पीठ विरघळायला लागतं. अंकुराऐवजी त्याचा निरोप पाठवला तरी काम होतं.

या निरोपाची रीत मला फार आवडते. जीए ‘वाढ’ असा हुकूम देत नाही. पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढ अडवून बसलेली असतात. जीए आलं की त्यांची मोडतोड होते आणि वाढ मोकळी होते. हरितक्रांतीतला बुटका गहू याच जागी बिघाड झालेला होता. त्याची डेला प्रथिनं जीएला दादच देत नव्हती. १९६६ चा बुटका भात आयआर ८ याच्यात जीए बनवणारं एक जनुक अधू होतं, हे मात्र २००२ मध्ये उलगडलं. तोवर त्या भातावर जगाच्या कित्येक लोकांची जेवणं झाली होती.

थांब म्हणणारा

एबीएची ओळख १९६० च्या दशकात झाली, आणि तीही जराशी चुकीच्या नावानं. कापसाची बोंडं गळण्याच्या अभ्यासात ते सापडलं, म्हणून गळण्यावरून त्याचं नाव पडलं. गळण्याचं मुख्य काम इथिलीनचं असतं हे नंतर समजलं, पण नाव तेच राहिलं. एबीएचं खरं काम दोन ठिकाणी. बियात ते ‘रुजू नकोस’ म्हणतं. उभ्या रोपात पाण्याची ओढ बसली की पानांची छिद्रं बंद करून पाणी वाचवतं, आणि पेशींना टंचाईच्या तयारीला लावतं.

बी झाडावर पिकत असताना एबीए भरपूर असतं, म्हणून ओल्या लोंबीतही दाणा झोपलेला राहतो. ज्या जातीत ही झोप हलकी असते, तिचे हाल परतीच्या पावसात दिसतात. ऑक्टोबरमध्ये कापून पडलेल्या, किंवा न कापताच आडव्या झालेल्या भाताला दोन-तीन दिवस पाऊस लागला की लोंबीवरच कोंब फुटतात. त्या दाण्यात एबीए आणि जीए यांच्यातली रस्सीखेच वेळेआधीच संपलेली असते.

एबीए कसं काम करतं हे बराच काळ कोडं होतं. त्याला ओळखणारी प्रथिनं २००९ मध्ये सापडली. त्यांची साखळीही नकारांची आहे. पेशीत जागं करणारे काही पहारेकरी विकर कायम दाबून ठेवलेले असतात, एबीए आलं की त्यांना दाबणाऱ्यांचाच हात धरला जातो, आणि पहारेकरी मोकळे होतात. जीए अडथळा दूर करून वाढ सोडतं, एबीए अडथळा दूर करून बंदोबस्त सोडतं.

आता यात मीठ घाला. भिजलेल्या बियाभोवती खारं पाणी असलं की दोन गोष्टी घडतात. पहिली लगेच: बाहेरचं पाणी आत यायला तयार नसतं. दुसरी हळूहळू: सोडियम आणि क्लोराइड आत शिरून साचतात आणि पेशीतल्या कामकाजात ढवळाढवळ करतात. पहिलीची खबर लागताच बी एबीए वाढवतं, जीए कमी करतं. रुजणं पुढे ढकललं जातं. ‘मिठानं बी मारलं’ असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा बी मेलेलं नसतं. थांबलेलं असतं. मिठागराच्या कडेला वाढणारं माचूळ किंवा तत्सम झाडांचं बी खाऱ्या चिखलात महिनोन् महिने तसंच पडून राहतं आणि पावसानं मीठ धुतलं की उगवतं. शेतातल्या पिकांचं बीही काही प्रमाणात हे करतं, पण फार दिवस नाही. तोवर सोडियम आपलं काम करतो.

इथे कुणालाही सुचेल असा उपाय म्हणजे एबीएच कमी करून टाकू. हा विचार प्रयोगातही उतरला आहे. संशोधकांच्या लाडक्या अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या तणावर स्पेनमधल्या एका गटानं शोध घेतला, की खाऱ्या माध्यमातही झटकन रुजणारी रोपं कुठली. २००० मध्ये त्यांनी छापलेल्या निष्कर्षात गंमत निघाली. अशा काही रोपांमध्ये बिघडलेलं होतं ते एबीए बनवणारं किंवा एबीएचं ऐकणारं जनुकच. ती रुजत होती ती मीठ सोसत होती म्हणून नव्हे. त्यांना धोक्याची सूचनाच ऐकू येत नव्हती. एबीए न बनवणारं रोप पुढे उन्हात छिद्रं मिटू शकत नाही आणि थोड्या कोरड्या हवेतही सुकतं. खाऱ्या मातीत भरभर रुजलेलं बी आणि खाऱ्या मातीत पिकणारं रोप हे दोन वेगळे गुण आहेत, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. बियाणं विकणारे ‘खाऱ्या पाण्यात उगवण अमुक टक्के’ असं सांगतात तेव्हा हे लक्षात ठेवावं.

उलट टोक पाहायचं असेल तर ऐरोलीला खाडीकाठी कांदळवनाची फेरी मारून या. कांदळाच्या फांद्यांवर हिरव्या शेंगांसारखं काही लोंबत असतं. त्या शेंगा नाहीत. झाडावर असतानाच फळातून बाहेर वाढलेली रोपं आहेत. कांदळाचं बी झोपतच नाही. त्याच्या गर्भात एबीएचं प्रमाण आजूबाजूच्या मातृझाडाच्या पेशींपेक्षा कमी आढळलं आहे. भरतीच्या चिखलात ‘गोडं पाणी येईल तेव्हा रुजू’ म्हणत बियानं वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, कारण तिथे गोडं पाणी फार थोडा काळ येतं आणि लाटा बी वाहून नेतात. म्हणून रुजण्याचं नाजूक काम झाडावरच उरकून, तयार रोप खाली टाकायचं. तिवराचं बीही फळाच्या आतल्या आत रुजून तयार असतं. पुढचं मीठ सांभाळायला तिवराकडे दुसरी सोय आहे. त्याच्या पानांवर ग्रंथी असतात आणि त्या जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. उन्हाळ्यात तिवराचं पान चाटून पाहिलं तर खरोखर खारट लागतं.

भाताला कधी लागतं

भात मिठाच्या बाबतीत सोशिक पिकांत बसत नाही. मातीचा खारटपणा तिच्या पाण्यातून वीज किती सहज जाते यावरून मोजतात, एकक डेसिसायमन प्रति मीटर. चारच्या वर गेली की जमीन खारी म्हणायची. समुद्र पन्नासच्या आसपास. बार्लीचं उत्पन्न आठपर्यंत हलत नाही. भाताचं तीनलाच हलतं, आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे बारा टक्के घसरतं. तीन म्हणजे लिटरमागे जेमतेम दोन ग्रॅम मीठ.

पण हा आकडा सगळ्या हंगामाची सरासरी आहे. टप्प्याटप्प्यानं पाहिलं तर चित्र वेगळं. रुजताना भात बऱ्यापैकी खारं सोसतो. दोन-तीन पानांचं रोप झालं की एकदम नाजूक होतो. फुटवे येताना पुन्हा घट्ट. पोटरीपासून, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आत असते तेव्हापासून, फुलोऱ्यापर्यंत पुन्हा हळवा, आणि त्यावेळी मीठ वाढलं तर लोंबी निसवते पण पळींज, म्हणजे पोचट दाणेच, जास्त निघतात. दाणा एकदा भरायला लागला की चिंता कमी.

दोन-तीन पानांच्या रोपाला एवढं का लागतं? दाण्यातली शिदोरी संपत आलेली असते, मुळं अपुरी, आणि पानांना पाणी खेचायला नुकती सुरुवात. पाण्याबरोबर सोडियम वर चढतो. पेशीला हवं असतं पोटॅशियम. दोघांचं रासायनिक रूप इतकं सारखं की सोडियम पोटॅशियमच्या जागा बळकावतो आणि विकरांची कामं बंद पडतात. जुनी पानं टोकाकडून करपतात. खारीत टिकणारा भात इथे एक युक्ती करतो. मुळातून वर जाणाऱ्या नळ्यांच्या कडेला असलेल्या पेशी सोडियम वाटेतच काढून परत मुळाकडे ठेवतात, पानांपर्यंत कमी पोचू देतात. ही उचल करणाऱ्या प्रथिनाचं जनुक २००५ मध्ये चिनी संशोधकांनी बंगालच्या नोना बोक्रा या खारट जमिनीतल्या भातातून वेगळं काढलं. केरळच्या पोक्काली भातातून ‘सॉल्टॉल’ नावानं पहिल्या गुणसूत्रावरचा जो तुकडा पैदासकार दुसऱ्या जातींत घालतात, तोही त्याच भागातला आहे. एरवी पेशी आत आलेलं मीठ आपल्या पाणकोशात, म्हणजे आतल्या पाण्याच्या पिशवीत, कोंडून ठेवतात, किंवा मुळाच्या टोकावरून बाहेर फेकतात. मुळं तर खाऱ्या बाजूकडून वळून गोड्या बाजूला वाढू शकतात. ऑक्सिन हे तिसरं संप्रेरक मुळाच्या दोन बाजूंना असमान वाटून ते वळण येतं. हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. दोन-तीन पानांचं रोप या सगळ्यासाठी अजून लहान असतं.

खाडीकाठचा शेतकरी संप्रेरकं जाणत नव्हता, पण वेळ जाणत होता. मे महिन्यात खार जमीन सर्वांत खारी. खालचं खारं पाणी वर चढून सुकतं आणि पांढरा थर धरतं. जूनचे पहिले पाऊस हा थर विरघळवतात, पाणी खाचरात साठवून उघाडीतून सोडायचं, पुन्हा साठवायचं. जमीन जुलैपर्यंत धुतली जाते. मग रहू टाकायचा. म्हणजे बी गोड्या पाण्यात भिजवून, पोत्यात ऊब देऊन मोड काढायचे आणि मोडाचं बी चिखलावर फेकायचं. ‘रुजायचं की थांबायचं’ हा सगळा निर्णय घरी, गोड्या पाण्यात झालेला असतो. शेतात जाणारा दाणा एबीएच्या हातातून सुटलेला असतो. लावणी करायची तर राब, म्हणजे रोपं वाढवण्याची वाफी, वरच्या गोड्या जमिनीत भाजून तयार करायचा, रोपं नेहमीपेक्षा थोडी जून होऊ द्यायची आणि एका चुडात, म्हणजे एका ठिकाणी लावायच्या जुडीत, जास्त काड्या लावायच्या. दोन-तीन पानांचा नाजूक काळ राबातच संपतो. कांदळ जे झाडावर करतं तेच हे, फक्त पोत्यात आणि राबात.

ऑगस्टमध्ये पावसानं दहा-बारा दिवस उघडीप दिली की या शेताची अडचण सुरू होते. पाणी आटतं तसा मिठाचा जोर वाढतो, आणि पीक पोटरीत असतं. इथे बांध-उघाडीवर भिस्त असते, जनुकावर नाही. माझं मत विचाराल, तर या पट्ट्यात नव्या वाणांइतकाच पैसा उघाड्यांच्या झडपांवर खर्च व्हायला हवा.

घरी करून बघा

बाल्कनीतल्या कुंड्यांनाही हेच लागू होतं. खाडीजवळच्या वसाहतींत उन्हाळ्यात बोअरचं पाणी खारट व्हायला लागतं. त्यावर मेथी-कोथिंबीर पेरली की उगवणच विरळ, आणि कुंडीच्या कडेला पांढरी रेघ. बी आधी नळाच्या पाण्यात आठ-दहा तास भिजवा, पहिले दोन आठवडे नळाचंच पाणी द्या, बोअरचं पाणी मोठ्या झाडांना. पावसाळ्यात एकदा कुंडी उघड्यावर ठेवून तळातून भरपूर पाणी वाहू द्या. दुकानात ‘जीए’ची पूड मिळते. ती मेथीच्या बियाला लावण्याचा मोह टाळलेला बरा. ती पाण्यात नीट विरघळत नाही, मात्रा दहा लाखात काही भाग अशी मोजावी लागते, आणि जास्त झाली तर कुरोसावांनी पाहिलेली वेडी रोपं तुमच्या कुंडीत उभी राहतील.

प्रयोग करायचा असेल तर मटकी किंवा मूग पुरेत. चार वाट्या, प्रत्येकीत पन्नास दाणे. एका वाटीत साधं पाणी. दुसरीत लिटरला तीन ग्रॅम मीठ, तिसरीत सहा, चौथीत पस्तीस. सहा ग्रॅम म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, पण काटा असेल तर तोच वापरा. दाणे रात्रभर भिजवा, मग फडक्यात ठेवून त्या त्याच पाण्यानं ओले ठेवा, दर बारा तासांनी मोजा. शेवटी किती रुजले यापेक्षा किती तासांनी रुजले हे लिहून ठेवा. मीठ वाढतं तसा उशीर वाढतो, आणि हा उशीर म्हणजेच वर सांगितलेली ओढाताण. चौथ्या वाटीत बहुधा काहीच होणार नाही. तिसऱ्या दिवशी त्यातले दाणे वाहत्या नळाखाली चांगले धुऊन साध्या पाण्यावर ठेवा. जे रुजतील ते थांबलेले होते. जे बुळबुळीत होऊन कुजतील त्यांना सोडियमनं गाठलं. तिसऱ्या वाटीतल्या मोडांची लांबीही मोजा. रुजले असले तरी आखूड आणि जाडसर दिसतील, आणि मातीत लावलेत तर पहिल्या वाटीच्या रोपांमागे किती पडतात हे दोन आठवड्यांत कळेल. पहिल्या वाटीची उसळ करायला हरकत नाही.